दोरी कोणाच्या हातात?



'कामगार' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुसरेच कोणीतरी उभे राहते. डबा घेऊन पहिल्या पाळीला निघालेला माणूस, फाटकावरची सभा, लाल बावटा. आपण इंजिनिअर, डॉक्टर, प्रोग्रॅमर, संशोधक, प्राध्यापक. आपल्याला मजुरी मिळत नाही, पगार मिळतो. आपल्याला कामावरून काढले तरी त्याला 'रिस्ट्रक्चरिंग' असे भारदस्त नाव असते. युनियन ही आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली गोष्ट, असे आपण धरून चालतो.

दुसरीकडे, परदेशात पंधरा-वीस वर्षे काढली की आपल्यातले बरेच जण पाच-पंधरा माणसांच्या टीमचे प्रमुख होतात. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला बढती द्यायची, कंपनीने यादी मागितली की कोणाचे नाव द्यायचे, हे आपण ठरवतो. आणि आपल्यावरही असाच कोणीतरी बसलेला असतो. म्हणजे आपण एकाच वेळी नोकरही असतो आणि साहेबही. कामगार-मालक संबंध हा आपला विषय नाही, असे मानणे ज्या वर्गाला सर्वात कमी परवडते, तो आपला वर्ग आहे. २०२२ च्या अखेरीपासून तंत्रज्ञान कंपन्यांत कपातीची जी लाट आली, तिने हे अनेकांना चांगलेच जाणवून दिले.

म्हणून या वेळी या विषयावर थोडे सविस्तर लिहिते. मुद्दा साधाच आहे. माणसे एकत्र काम करतात तिथे वाद होणारच. वाद वेळेवर उघड झाला, तर त्यातून काहीतरी दुरुस्त होते. आत साचत राहिला, तर एक दिवस सगळ्यांना घेऊन बुडतो. आणि तो वेळेवर उघड होईल की नाही, हे माणसांच्या स्वभावापेक्षा तिथल्या व्यवस्थेवर जास्त अवलंबून असते.

१९८२ साली जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. पहिली आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारीला मुंबईचे गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपावर गेले. पन्नासहून अधिक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास माणसे. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर हजारो कुटुंबांची गिरणगावातली रोजीरोटीही गेली. दुसरी घटना कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. आज तिथल्या किराणा दुकानात मराठी कानावर पडते, पण तेव्हा त्या गावाची ओळख होती जनरल मोटर्सचा कारखाना. तो त्याच वर्षी बंद पडला आणि हजारो माणसे बेकार झाली. गैरहजेरी वीस टक्क्यांपर्यंत, कामावर दारू, मुद्दाम केलेले बिघाड, निकालाविना पडून राहिलेल्या हजारो तक्रारी, अशी त्या कारखान्याची ख्याती होती. दोन्हीकडे मध्यमवर्गाने केलेले निदान एकच होते: कामगार माजले, युनियनने धंदा बुडवला.

हे निदान कितपत खरे होते?

मुंबईचे आधी पाहू. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे, या मागण्या होत्याच. पण गाठ बसली होती ती निराळ्याच ठिकाणी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' संघटना मान्य होई आणि वाटाघाटीचा हक्क तिलाच असे. कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरला आहे का, हे गुप्त मतदानाने ठरवण्याची सोय नव्हती. सभासदनोंदणीच्या कागदांवरून ते ठरे. परिणाम असा की ज्याच्या शब्दावर अडीच लाख माणसे घरी बसली होती, त्याच्याशी बोलण्याचे मालकांवर कायद्याचे बंधन नव्हते. आणि ज्यांच्याशी कायद्याने बोलता येत होते, त्यांचे कामगार ऐकत नव्हते. त्यामुळे हा कायदा रद्द करा, हीच संपाची एक मोठी मागणी झाली.

संप फसण्याला इतरही कारणे होती. जुनाट यंत्रे, यंत्रमागांकडे सरकलेले उत्पादन, चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी परवडते असे वाटणारे काही मालक, न झुकण्याचा सरकारचा पवित्रा आणि माघारीचा रस्ताच न ठेवणारे नेतृत्व. यातले कोणतेच कारण मी नाकारत नाही. पण ज्यांच्यात भांडण आहे त्या दोघांना समोरासमोर बसायला कायदाच आडवा येत असेल, तर तडजोड होणार कशी?

या धोक्याची सूचना फार आधी मिळाली होती. १९३८ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाआधी समेटाची सक्तीची प्रक्रिया, आणि ती पुरी होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा, असे त्याचे स्वरूप होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम थांबवणे हा फार तर करारभंग होईल. त्याला गुन्हा ठरवून शिक्षा करणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले, आणि १९४६ चा कायदा त्याच वळणावर पुढे गेला.

वाद नीट मांडला तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण त्याच मुंबईत आहे, आणि ते अधिक जुने आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे हे मांडवीच्या गिरणीत भांडारपालाचे काम केलेले, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. मागण्या मोजक्याच होत्या आणि मोजता येतील अशा होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, अपघात झाल्यास भरपाई. आठवड्याच्या सुट्टीसाठी सहा वर्षे लागली. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी निवांत उठून चहा घेतो, त्यामागे त्या साडेपाच हजार सह्या आहेत, याची आठवण आपल्या पिढीला क्वचितच होते.

आता फ्रीमाँटकडे येऊ. टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून १९८४ साली तोच कारखाना 'न्यूमी' या नावाने पुन्हा उघडला. गंमत अशी की माणसे बहुतांशी तीच घेतली. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच होते. युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. पगारही युनियनच्या दरानेच. दोनेक वर्षांत गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली, आणि १९८६ च्या अखेरीस उत्पादकतेत हा कारखाना जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला याहून बरा प्रयोग कुठे मिळणार? माणसे तीच, इमारत तीच, युनियन तीच. बदलला होता तो कारभार.

त्या बदलाची सर्वांना दिसणारी खूण म्हणजे एक दोरी. असेंब्ली लाइनच्या कडेने ती बांधलेली असे. काही चुकते आहे असे वाटले की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की दिवा लागे, टीमचा प्रमुख धावत येई, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबे. जुन्या कारखान्यात लाइन थांबवण्यासारखा दुसरा गुन्हा नव्हता. चूक दिसली तरी गाडी पुढे ढकलायची, मग शेवटी कोणीतरी ती दुरुस्त करायचे.

दोरी स्वस्त होती, तिच्यामागचा करार मात्र महाग होता. कंपनीने युनियनला लिहून दिले होते की अगदी नाइलाज झाल्याखेरीज कोणाला घरी बसवणार नाही. आणि तशी वेळ आलीच तर आधी बाहेर दिलेली कामे परत आणू, अधिकाऱ्यांचे पगार कापू. १९८७-८८ मध्ये विक्री घसरली तेव्हा कंपनीने हा शब्द पाळला. माणसांना काढण्याऐवजी प्रशिक्षणाला बसवले. 'दोरी ओढलीस तर तुला काही होणार नाही' हे वाक्य भिंतीवर लिहून खरे होत नाही. ते अशा एखाद्या मंदीत खरे ठरते.

ही कल्पना मुळात कापडाच्या मागावरून आली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. टोयोटा घराण्याचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पुऱ्या केलेल्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे की धागा तुटला की माग आपोआप थांबे, खराब कापड पुढे विणले जात नसे. पण यंत्राला दिलेली ही मुभा माणसांना सहजासहजी मिळाली नाही. १९५० साली खुद्द टोयोटात मोठा संघर्ष झाला. दीड हजारांहून अधिक माणसांना कंपनी सोडावी लागली, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनाही अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला. नोकरीची हमी आणि त्या बदल्यात सहकार्य, हा समझोता त्या जखमेनंतर आकाराला आला. जपानी माणसे मुळातच आज्ञाधारक, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही.

तरीही न्यूमीला देव्हाऱ्यात बसवू नये. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या युनियनच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी १९८८ सालीच दाखवून दिले होते की या पद्धतीत कामाचा प्रत्येक सेकंद पिळला जातो आणि ताणावरच सारा कारभार चालतो. जनरल मोटर्सला हे यश आपल्या इतर कारखान्यांत नीट उतरवताही आले नाही. दोरी नेता येते, विश्वास नेता येत नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली आणि २०१० च्या एप्रिलमध्ये टोयोटाने कारखाना बंद केला. आज त्या जागी टेस्लाचा कारखाना आहे आणि तिथे कामगारांची युनियन नाही.

तुटलेल्या धाग्याचा विषय निघालाच आहे, तर मुंबईच्या साचेखात्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तिथे धागा तुटला की तो जोडताना तोंड लावावे लागे. या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या कामगारांना या बऱ्या पगाराच्या खात्यात येऊ दिले जात नसे. त्यांना कमी पगाराची खाती उरत. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना वारंवार विचारला आणि पुढाऱ्यांनी तो बरीच वर्षे टाळला. मालकांविरुद्ध एकत्र उभ्या राहणाऱ्या माणसांतही तक्रार करण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. हे जुने झाले असे म्हणायची सोय नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या एका खात्याने सिस्को कंपनीतील कथित जातिभेदावरून दावा लावला. २०२३ मध्ये दोन इंजिनिअरांविरुद्धचा भाग त्या खात्याने स्वतःच मागे घेतला, पण प्रश्न काही मागे गेला नाही. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशा विधेयकावर नकाराधिकार वापरला. या वादात आपल्या अनेक मंडळांनी 'इथे जात नाहीच' अशी भूमिका घेतली. पण जात नाही असे कोण म्हणते आणि आहे असे कोण म्हणते, हेही पाहिले पाहिजे. टीम आपल्या माणसांनी भरलेली असते, तेव्हा सर्वात गप्प कोण असते?

आपल्या व्यवसायांतल्या गप्प बसण्याला आणखी एक कारण आहे आणि ते पासपोर्टात असते. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवी शोधायला किंवा देश सोडायला त्याला फार तर ६० दिवस मिळतात. घराचे हप्ते, मुलांची शाळा, वर्षानुवर्षे रखडलेले ग्रीन कार्ड. असा माणूस बैठकीत 'ही तारीख अशक्य आहे' असे म्हणेल का? त्यात मॉन्टाना सोडले तर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत साधारण नियम असा की मालक कारण न देताही कामावरून काढू शकतो. आखातातल्या आपल्या बांधवांची अवस्था तर याहून बिकट. तिथे राहण्याचा परवानाच मालकाच्या पुरस्काराला बांधलेला असतो.

पूर्वी मी एका कंपनीत होते, तिथे दरवर्षी 'निनावी' सर्वेक्षण होई. एका वर्षी आमच्या गटातल्या कोणीतरी लिहिले की शनिवार-रविवारी काम करणे गृहीत धरले जाते. पुढच्या बैठकीत साहेबांनी हसत हसत विचारले, "हे कोणी लिहिले? मला फक्त समजून घ्यायचे आहे." आम्ही सहाजण होतो. पुढच्या वर्षी सहाही जणांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि आमच्या गटाचे कौतुक झाले.

हे कौतुक किती फसवे असते, हे एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात दिसते. रुग्णालयांतल्या विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्यांनी पाहिल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या. चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. त्या टीम जास्त चुका करत होत्या असे नव्हे, तिथली माणसे चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती. तेव्हा ज्या मॅनेजरकडे एकही तक्रार येत नाही, त्याने खूश होण्यापूर्वी जरा थांबावे.

गप्प राहण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडताना फोमचा एक तुकडा त्याच्या पंखावर आदळला. नुकसान किती हे पाहण्यासाठी कक्षेतल्या यानाची छायाचित्रे घ्यावीत, अशी इंजिनिअरांनी निरनिराळ्या मार्गांनी विनंती केली. ती वर पोचून मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला यान परतताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी मरण पावले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात फोमइतकाच दोष नासाच्या कार्यसंस्कृतीला दिला. जगातली अत्यंत हुशार माणसे तिथे होती. त्यांच्या हाती दोरी नव्हती.

आता माझ्या क्षेत्राकडे. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही आवारांत सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले: शिकवणारे विद्यार्थी, संशोधक विद्यार्थी, पोस्टडॉक, इतर संशोधक. अमेरिकेच्या उच्चशिक्षणातला हा सर्वात मोठा संप. जवळजवळ सहा आठवडे तो चालला. शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचा किमान वार्षिक मोबदला सुमारे २३ हजार डॉलर होता, तो ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुमारे ३४ हजारांवर नेण्याचे ठरले. दादागिरी आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध संरक्षणही करारात आले. यांची युनियन कोणती? तीच, फ्रीमाँटच्या मोटार कामगारांची, युनायटेड ऑटो वर्कर्स.

त्या दिवसांत आपल्या घरगुती मैफलींत जे बोलले गेले, ते मला अजून टोचते. "आम्ही नाही का बाराशे डॉलरवर दिवस काढले?" "ही मुले शिकायला आली आहेत की पैसे मिळवायला?" "अनुदान तेवढेच आहे, पगार वाढवायचा तर माणसे कमी करावी लागतील." शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळता येणार नाही, संशोधनाचे अनुदान वाढले नाही तर वाढीव पगाराचा भार प्रयोगशाळेवरच पडतो. पण पहिली दोन वाक्ये म्हणजे हुबेहूब सासूचे तर्कशास्त्र आहे. मी सोसले म्हणून तूही सोस. १८८४ मधल्या मालकांचेही म्हणणे फारसे वेगळे नसावे. जो विद्यार्थी रात्री अकराला पेशींचे माध्यम बदलायला येतो, ज्याच्या निकालांवर आपले पुढचे अनुदान मिळते, तो काम करत नाही असे म्हणणे संशोधकाला शोभत नाही.

मग टीमच्या प्रमुखाने करायचे काय? मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ च्या एका व्याख्यानात एक साधे उदाहरण दिले होते. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि त्यांना स्वतःला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, त्यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. तिथे अर्धी खिडकी उघडून तडजोड केली असती तर दोघेही नाराज राहिले असते. फॉलेट म्हणतात त्याचा अर्थ असा की वाद दडपता येतो, अर्धा-अर्धा वाटता येतो, किंवा दोघांना नेमके काय हवे आहे ते शोधून सोडवता येतो. तिसरा मार्ग वेळखाऊ आहे आणि प्रत्येक वेळी सापडतोच असे नाही, पण तो शोधल्याशिवाय पहिल्या दोहोंकडे जाऊ नये.

माझ्या मते चार गोष्टी आपल्या हातात असतात. एक, तक्रारीचा रस्ता फक्त आपल्या टेबलावरून जाऊ नये. ज्याची तक्रार आपल्याविषयीच आहे त्याने कोणाकडे जावे, हे सर्वांना आधीच माहीत असावे. दोन, उत्तर ठरावीक दिवसांत आणि कारणासह द्यावे. 'नाही' चालते, मौन चालत नाही. तीन, पहिली तक्रार करणाऱ्या माणसाचे पुढे काय होते याकडे सारी टीम डोळ्यांत तेल घालून पाहत असते. त्याच्या पुढच्या वार्षिक मूल्यमापनाची काळजी आपण घ्यावी. चार, पगाराबद्दल आपसांत बोलू नका असे कोणाला सांगू नये. अमेरिकेत १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने युनियन नसलेल्या खाजगी नोकरदारांनाही कामाच्या अटींबद्दल एकमेकांशी बोलण्याचा आणि एकत्र येण्याचा हक्क दिला आहे. १९४७ च्या दुरुस्तीने सुपरवायझर मात्र या संरक्षणातून वगळले गेले. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही साहेब झालात, त्या दिवशी एक हक्क तुमच्याकडून गेला आणि दुसऱ्याचा तो हक्क पाळण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की चांगला मॅनेजर असेल तर युनियन कशाला हवी? चांगले मॅनेजर असतात, मी पाहिले आहेत. पण ते बदलून जातात. चांगुलपणा माणसाबरोबर जातो, लेखी करार मागे राहतो. न्यूमीच्या कामगारांनी मंदीत विश्वास ठेवला तो साहेबाच्या स्वभावावर नव्हे, सही केलेल्या कागदावर.

शेवटी भारताकडे एक नजर टाकू, कारण आपल्यातले अनेकजण आता पुण्यातल्या, हैदराबादमधल्या टीम इथून चालवतात. २०२० साली संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ३०० हून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागणार नाही. आधी ही मर्यादा १०० होती. संपासाठी १४ दिवसांची नोटीस सर्वच आस्थापनांत सक्तीची झाली आणि समेट चालू असताना संप करता येणार नाही. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींची एकमेव हक्कदार ठरेल. तशी नसेल तर संघटनांची परिषद बसेल. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागेल आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे प्रतिनिधी असतील. यातली शेवटची तरतूद चांगली आहे. पण ५१ टक्के मोजायचे कसे, हा प्रश्न थेट १९८२ मधून आलेला आहे. ते गुप्त मतदानाने ठरले तर गिरणगावाकडून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. कागदांच्या गठ्ठ्यावर ठरले, तर तीच गाठ पुन्हा बसेल.

कायदे दिल्लीत होतील तेव्हा होतील. कॅलिफोर्नियातल्या सकाळी नऊच्या बैठकीला पुण्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. पडद्याच्या त्या बाजूला बसलेली मुलगी "नो इश्यूज" म्हणते आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तिला खरोखर अडचण नाही, की ती सांगण्याची सोय नाही, हे एकदा विचारून पाहा. विचारताना बैठकीची वेळ आलटून-पालटून ठेवायची तयारीही दाखवा, म्हणजे एक आठवडा तिने जागायचे आणि एक आठवडा आपण. आपल्या टीममध्ये शेवटचे 'नाही' कधी ऐकले होते, तेही आठवून पाहा. आठवत नसेल, तर दोरी कोणाच्याच हातात नाही असे समजा आणि ती बांधायला घ्या.